गिअरचा धक्का, न लागणारी कुलपं आणि बंद न होणारं इंजिन: १९८३च्या एका डिझेल गाडीचं निदान

"अरे, गाडी बंदच होत नाहीये. किल्ली माझ्या हातात आहे आणि इंजिन चालू आहे!"

काकांचा आवाज घाबरलेला होता. आम्ही दोघंही डेन्व्हरला राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी त्यांना फोनवरच सांगितलं, "काका, बॉनेट उघडा. इंजेक्शन पंपापाशी लाल रंगाचा एक छोटा लिव्हर आहे, त्यावर स्टॉप लिहिलंय. तो दाबून धरा." दोन सेकंदांनी मागचा धडधडाट थांबला. हा लिव्हर कुठे आहे ते या गाड्या वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा हात लावून पाहून ठेवावं. वेळ आली की शोधत बसायला सवड नसते.

गाडी मर्सिडीज ३०० डी टर्बोडिझेल, डब्ल्यू १२३ मालिकेतली, ऑटोमॅटिक गिअरची. १९७५च्या अखेरीपासून १९८६च्या सुरुवातीपर्यंत या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. इंजिन ओएम ६१७, पाच सिलिंडर, तीन लिटर. काकांनी ती नव्वदच्या दशकात जुनी म्हणूनच घेतली होती. आता मीटर २ लाख ८७ हजार मैलांवर आहे. इंजिन अजूनही हिवाळ्यात पहिल्या फेऱ्यात सुरू होतं, म्हणून काका तिला सोडायला तयार नाहीत. मला ते पटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली तेव्हा बोलता बोलता आणखी दोन तक्रारी निघाल्या. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना असा धक्का बसतो की मागे बसलेल्या काकू पुढची सीट धरतात. आणि ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की एके काळी सगळी दारं एकदम लागायची, ती आता लागत नाहीत. कुलपांची गोष्ट काकांनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती. "ती तर किती वर्षांपासून तशीच आहेत," म्हणाले. धक्क्यासाठी मात्र दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. पहिल्या गॅरेजने दोन वर्षांपूर्वी काहीतरी करून धक्का कमी करून दिला, बिलावर फक्त "ट्रान्समिशन ॲडजस्ट" एवढंच. धक्का परत आल्यावर दुसऱ्याने सांगितलं, गिअरबॉक्स गेला, उघडून नव्याने बांधावा लागेल. सांगितलेली रक्कम गाडीच्या किमतीहून जास्त होती.

या तीन तक्रारी एकत्र ऐकल्या की या गाड्यांच्या माणसाच्या मनात एकच शब्द येतो, व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात. माझ्याही आला. पण तो जितक्या सरळपणे आला तितकी गोष्ट सरळ नव्हती, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती अर्धवट बंद असली की इंजिन हवा ओढू बघतं, मिळत नाही, आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, आपोआप निर्वात तयार होतो. पायाखाली जोर किती आहे याची ती फुकट मिळणारी खूण असते. अशा डिझेलमध्ये ती झडप नाही. हवा पूर्ण आत येते, वेग ठरतो तो फक्त किती डिझेल टाकलं यावर. म्हणजे निर्वात हवा असेल तर तो वेगळ्या पंपाने बनवावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकसाठीचा हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. या मर्सिडीजमध्ये तो इंजिनच्या पुढच्या बाजूला आहे, आणि त्याच्यावर फक्त ब्रेक नाही, अर्धी गाडी चालते. दारांची कुलपं, एसीच्या झडपा, इंजिन बंद करणारी यंत्रणा आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला "आता जोर किती आहे" हे सांगणारी यंत्रणा, सगळं निर्वातावर. किल्ली फिरवून इंजिन बंद करता तेव्हा कुठलीही वायर तुटत नाही. किल्लीच्या कुलपामागची एक झडप इंजेक्शन पंपाकडे निर्वात सोडते, तिथला पडदा ओढला जातो आणि डिझेल थांबतं. निर्वात कमी पडला की पडदा पुरेसा ओढला जात नाही, आणि काकांसारखं किल्ली हातात घेऊन उभं राहावं लागतं.

पुण्याजवळ १९९५ पासून मर्सिडीजची जी पुढची मालिका, डब्ल्यू १२४, जोडली जाऊ लागली, तिच्या जुन्या गाड्या आजही महाराष्ट्रात दिसतात. तिच्या मालकांनी हा लेख जसाच्या तसा लावू नये. त्या गाडीत कुलपांसाठी वेगळा विजेचा पंप आहे, त्यामुळे कुलपांच्या तक्रारीचा इंजिनवरच्या पंपाशी संबंध नसतो.

व्हॅक्यूमला हात लावण्याआधी गिअर ऑइल पाहिलं. गाडी वीस मिनिटं चालवून गरम केली, सपाट जागी उभी करून, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून दांडी बाहेर काढली. थंड गाडीत पाहिलेल्या पातळीवरून ऑइल घालणारे बरेच जण जास्त घालून बसतात, कारण गरम झाल्यावर पातळी वर चढते. दांडी पुसायला धागे न सुटणारं फडकं वापरावं. गिअरबॉक्सच्या आतल्या बारीक वाटा कापसाच्या एका धाग्यानेही अडतात. ऑइल लाल होतं, जळका वास नव्हता, पातळी बरोबर होती. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, म्हणजे ते ज्यावर बसतात ते रबरी आधार, शाबूत. तिथेच मला वाटलं की गिअरबॉक्स गेलेला नाही. जळलेल्या क्लच प्लेटा ऑइलला काळं करून जातात.

मग निर्वात ओढणारा हातपंप काढला, गेज जोडलेला. या कामात याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही, आणि तो महागही नाही. सोबत लाकडी गोल्फ टींचं, म्हणजे गोल्फचा चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्यांचं, एक पाकीट. नळ्यांची तोंडं बंद करायला त्या इतक्या नेमक्या बसतात की या गाड्या राखणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांमध्ये तो जुना रिवाज आहे.

पहिलं मोजमाप पंपाचं. मुख्य जाड नळीवर गेज लावून बाकी सगळ्या शाखा बंद केल्या. आयडलवर, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, पाऱ्याचे १९ इंच. मी जी माहिती वापरत होतो तिच्यात चांगला पंप २१ च्या वर दाखवतो असं होतं. मी काकांना सांगून टाकलं, "पंप थकलाय, नवीन मागवू." सुटा भाग शोधून ठेवलाही. फोनवर हवामान पाहिलं तर हवेचा दाब ३०.१ इंच दिसत होता, म्हणजे पंपाला ओढायला भरपूर हवा आहे असा मी अर्थ लावला.

ही माझी चूक होती, आणि रात्री जेवताना ती लक्षात आली. हवामानाच्या बातम्यांमध्ये दाखवला जाणारा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे निरनिराळ्या उंचीची गावं एकमेकांशी ताडून पाहता यावीत. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. इथे हवेचा खरा दाब साधारण २४.७ इंचच असतो. जगातला सर्वोत्तम पंपही इथे २४.७ च्या वर जाऊ शकत नाही, कारण त्याच्यापलीकडे ओढायला काही उरतच नाही. १९ इंच म्हणजे उपलब्ध दाबाच्या सुमारे ७७ टक्के. हाच पंप मुंबईत समुद्राकाठी २३ इंचांच्या आसपास दाखवेल. पंप उत्तम होता. उंचावरच्या गावात राहणाऱ्या कुणीही पुस्तकातला आकडा वापरण्याआधी हा हिशेब करावा. इथे कितीतरी चांगले पंप याच एका चुकीपायी फेकले गेले असतील असं मला राहून राहून वाटतं.

सकाळी काकांना फोन करून सांगितलं की पंप मागवू नका. "बरं झालं," एवढंच म्हणाले.

आता शाखा. मुख्य नळीवर बारीक भोकाचे दोन फाटे आहेत. एकावर गाडीच्या आतलं सगळं, म्हणजे कुलपं, एसी आणि इंजिन बंद करणं. दुसऱ्यावर गिअरबॉक्स. भोकं मुद्दाम बारीक ठेवलेली आहेत, म्हणजे आत कितीही गळती झाली तरी ब्रेकचा निर्वात संपू नये. ही फार शहाणी रचना आहे. ते भोक "साफ करायला" तार घालून मोठं करणारे लोक ब्रेकशी खेळत असतात.

आतल्या फाट्यावर गेज लावलं. ८ इंच. मुख्य नळीवर त्याच वेळी १७.५. म्हणजे आत कुठेतरी मोठी गळती. नळ्यांचे रंग इथे मदतीला येतात: पिवळ्या कुलपांच्या, तपकिरी इंजिन बंद करणारी, हिरव्या एसीच्या. पिवळ्या काढून टोकं बंद केली. गेज थेट १६ वर. हिरवी बंद केल्यावर १८.

कुलपांत गळती कुठे ते शोधायला अर्धा दिवस गेला. ड्रायव्हरचं दार सोडून बाकी प्रत्येक दाराच्या आत रबरी पडद्याचा एक डबा असतो आणि त्याला दोन नळ्या, एक कुलूप लावायची आणि एक उघडायची. एका वेळी एकाच नळीत निर्वात असतो. म्हणून गाडी उभी, कुलपं लावलेली असताना तपासलं तर सगळं ठीक दिसू शकतं, आणि चालवताना गळत राहतं. इथे तसंच होतं. लावायच्या नळीवर हातपंपाने ओढलेला निर्वात मिनिटभर टिकला. उघडायच्या नळीवर पाच सेकंदांत शून्य. एकेक दार सुटं करत गेलो तेव्हा मागचं उजवं दार सापडलं. आतला पत्रा काढला तर डब्याचं रबर कडेने फाटलेलं. डबा बदलला. बदलताना दाराच्या आतला पावसाचं पाणी अडवणारा कागद मात्र फाटू देऊ नका. तो नीट चिकटवला नाही तर पुढच्या पावसात पाणी पायाखाली येतं.

तपकिरी नळी वेगळी तपासली. इंजिन चालू ठेवून इंजेक्शन पंपाकडे जाणाऱ्या टोकावर हातपंपाने निर्वात दिला आणि इंजिन तत्काळ बंद झालं, गेजही खाली आलं नाही. नळीत ऑइल नव्हतं. असतं तर बंद करणाऱ्या डब्याचा पडदा फाटला असं समजायचं, आणि ते ऑइल किल्लीच्या झडपेपर्यंत पोचायच्या आत डबा बदलायचा. इथे सगळं कोरडं होतं. पिवळी शाखा पुन्हा जोडली, काकांनी किल्ली फिरवली, इंजिन एका सेकंदात शांत. त्यांनी चार वेळा चालू-बंद करून पाहिलं. मग ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावली, आणि चारही दारांचा तो हलका "टक्" आवाज आला. काकूंना हाक मारून तो त्यांनाही ऐकवला.

आम्ही खुशीत रस्त्यावर निघालो. दुसऱ्या सिग्नलला गाडीने तोच धक्का दिला.

मी तीन तक्रारींना एक कारण मानून चाललो होतो. बारीक भोकाच्या त्या दोन फाट्यांचा अर्थ मी नीट लावला असता तर आधीच कळलं असतं: आतल्या फाट्यावरची गळती गिअरच्या फाट्यापर्यंत फारशी पोचतच नाही. मुख्य नळीत १७.५ होते ते १९ झाले, एवढाच फरक. दोन तक्रारींचं कारण एक होतं, धक्क्याचं दुसरं.

गिअरबॉक्सची निर्वाताची भाषा अशी आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला मॉड्युलेटर नावाचा डबा असतो, त्यात पडदा. पडद्यावर निर्वात भरपूर म्हणजे इंजिनावर जोर कमी, गिअर अलगद बसवा. निर्वात शून्य म्हणजे पाय पूर्ण दाबलाय, गिअर जोराने आणि पटकन बसवा. हा बदलता निर्वात बनवतो इंजेक्शन पंपावरचा एक कंट्रोल व्हॉल्व्ह. पाय दाबाल तसा तो थोडी थोडी हवा आत सोडतो. टर्बोच्या गाड्यांत टर्बोचा दाबही हिशेबात घेणारी एक निळी चकती मध्ये असते. म्हणजे या फाट्यावर कुठेही हवा आत शिरली की गिअरबॉक्सला वाटतं, चालकाने पाय दाबलाय. तो इमानदारीने जोरात गिअर बसवतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

मॉड्युलेटरच्या नळीवर तीन तोंडांचा जोड लावला, एक लांब नळी खिडकीतून आत घेतली आणि गेज काकांच्या हातात दिलं. मी चालवत होतो, ते आकडे मोठ्याने वाचत होते. रिकामा रस्ता, रविवारची सकाळ. "चार... चार... दोन... शून्य. परत शून्य." आयडलवर चारच इंच, आणि पाय जेमतेम पाव दाबला की शून्य. तिथे असायला हवेत दहा ते बारा, आणि शून्य व्हायला हवं पाय पूर्ण खाली गेल्यावर. धक्का नेमका शून्य झाल्यावर बसत होता. काकांनी ते स्वतः वाचलं, त्यामुळे मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

गाडी जॅकवर, खाली स्टँड, चाकांना गुटके. मॉड्युलेटरच्या टोकाशी हातपंप लावला. १५ इंच, मिनिटभर काटा हलला नाही, नळीत लाल ऑइलही नाही. म्हणजे पडदा शाबूत. मग उलट बाजूने, इंजिनकडच्या टोकाशी पंप लावून मॉड्युलेटरकडचं टोक बंद केलं. तीन सेकंदांत काटा खाली. नळी स्वतः कडक प्लॅस्टिकची, ती क्वचित फुटते. तिच्या दोन टोकांची रबरं फुटतात. मॉड्युलेटरवरचं काटकोनी रबर काढून हातात घेतलं तर चांगलं दिसलं. ते ज्या वाकात बसलेलं होतं तसं वाकवलं, तेव्हा आतल्या कडेला केसाएवढी चीर उघडली. सरळ केलं की मिटली. चाळीस वर्षं एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ बसलेलं रबर आणखी काय करणार. नवीन रबर काही डॉलरचं.

आयडलवर आता ११ इंच. आम्ही निघालो, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम रिकामं असल्यासारखं घोंगावत वर चढलं, मग गिअर बसला. धक्का गेला होता, त्याच्या जागी फ्लेअर आलं होतं.

काकांना ते आवडलं. "किती मऊ झाली!" म्हणाले. मी गाडी तिथेच कडेला घेतली. धक्का त्रास देतो, पण फ्लेअर गिअरबॉक्स खातं. त्या अर्ध्या सेकंदात क्लचच्या प्लेटा पकडत नाहीत, घसरतात, तापतात. धक्का देणारी गाडी कितीतरी मैल चालेल, फ्लेअर होणारी गाडी प्लेटा जाळून थांबेल.

कारण घरी येऊन खाली पाहिल्यावर दिसलं. मॉड्युलेटरच्या टोकाला रबरी टोपी असते, तिच्याखाली टी आकाराचा छोटा स्क्रू. टोपी नव्हतीच, आणि स्क्रूवर जवळच्या भागासारखा जुना मळ नव्हता. "ट्रान्समिशन ॲडजस्ट" म्हणजे हेच. दोन वर्षांपूर्वी चीर लहान असताना धक्का सुरू झाला असणार. कोणी निर्वात मोजला नाही, स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवून दाब कमी केला आणि धक्का झाकला. चीर वाढत गेली, धक्का परत आला. मी चीर मिटवली तेव्हा झाकण्यासाठी केलेला बदल उघडा पडला. दुसऱ्या गॅरेजने याच अवस्थेत गिअरबॉक्स उघडून बांधला असता, तर नव्या प्लेटाही याच स्क्रूखाली आणि याच चिरेसकट बसल्या असत्या.

स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो. अर्धा फेरा फिरवायचा, गाडी गरम होईपर्यंत चालवायची, पुन्हा पाहायचं. घाई करायची नाही. पायाकडून गिअरबॉक्सला जाणाऱ्या केबलला आणि कंट्रोल व्हॉल्व्हला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली नाही तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. दीड फेऱ्यानंतर फ्लेअर गेलं, आणि गिअर बसल्याचं जेमतेम जाणवू लागलं. गेजवर आयडलला ११, अर्ध्या पायाला ६, पूर्ण पायाला शून्य. आकडे काकांनीच वाचले. स्क्रूवर नवीन टोपी बसवली आणि तो कुठे ठेवलाय ते लिहून काकांच्या सर्व्हिसच्या वहीत चिकटवलं, पुढच्या माणसासाठी.

एकूण खर्च एका कुलपाच्या डब्याचा, एका रबराचा आणि एका टोपीचा.

हिरव्या शाखेतली गळती मात्र तशीच आहे. एसीचा एक डबा डॅशबोर्डच्या आत गळतोय आणि तो काढायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक थंडीत उतरवायचं म्हणजे तडे जायची भीती. "उन्हाळ्यात बघू," काका म्हणाले, आणि मलाही ते बरोबर वाटलं. तोवर त्या नळीच्या तोंडात एक लाकडी गोल्फ टी ठोकलेली आहे.